घरगुती बिअरचं किट घेताय? ‘माल्ट’च्या पिशवीतला एक दाणा आधी चावून बघा

नवशिक्यांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या बिअर किटमध्ये आमची उघडउघड फसवणूक झाली. विकणाऱ्याने हात वर केले, तक्रार घेणाऱ्यांनी टोलवलं, आणि तीच पेटी तेच फोटो लावून आजही विकली जातेय. म्हणून आत काय निघालं ते वजनासकट लिहितो.

पेटीवर छापलं होतं : २० लिटर बिअर, अल्कोहोल ५ टक्के, सगळं सामान आत. आत निघालं ते असं : ‘भरडलेलं माल्ट’ (मोड आणून वाळवलेला जव) २ किलो, हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांच्या गोळ्या) ५० ग्रॅम, यीस्ट (साखरेचं अल्कोहोल करणारं) ११ ग्रॅम, फेसासाठी बाटलीत घालायची साखर ३०० ग्रॅम, एक हायड्रोमीटर (घनता मोजायची काचेची नळी), एक एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारं, बाहेरची हवा अडवणारं बूच) आणि बरोब्बर २० लिटरची बादली. पैसे आगाऊ, पूर्ण.

यातली पहिली लबाडी नुसत्या गणितात सापडते. ५ टक्क्यांच्या बिअरसाठी यीस्ट घालण्यापूर्वी वर्टची, म्हणजे माल्ट गरम पाण्यात मुरवून गाळलेल्या गोड रसाची, घनता १.०५० च्या आसपास हवी (साधं पाणी १.०००; साखर जितकी जास्त तितका आकडा मोठा). घरच्या भांड्यांत २० लिटरला तेवढी घनता आणायला साधारण साडेचार किलो माल्ट लागतं. २ किलो उत्तम माल्टमधून सगळं नीट जमलं तरी १.०२२ च्या पुढे जाता येत नाही, म्हणजे अल्कोहोल जेमतेम २ टक्के. हे पेटीवरच दिसत होतं, असं आता सगळे सांगतात. पण पहिल्यांदा घेणाऱ्याला किलोमागे किती साखर सुटते हे कुठून माहीत असणार? ते ठाऊक नसतं म्हणूनच तो ‘सगळं सामान आत’ असलेलं किट घेतो. हा दोष घेणाऱ्याचा नाही.

खरा घात त्या पिशवीत होता. माल्ट म्हणजे जव भिजवून, मोड आणून, वाळवून तयार केलेले दाणे. मोड येताना दाण्यात एन्झाइम तयार होतात आणि तेच पुढे ६५ ते ६८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासाभरात पिठाची साखर करतात. मोड न आणलेल्या जवात पुरेसे एन्झाइम नसतातच. तो तासभर भिजवा नाहीतर दिवसभर, हाती पेज लागते आणि यीस्टला पेज खाता येत नाही.

फोटोत दोन्ही दाणे सारखेच दिसतात, पण दाताखाली लगेच ओळखू येतात. माल्टचा दाणा कुरकुरीत फुटतो, आत पांढरा पिठूळ असतो आणि चघळला की गोड लागतो. कच्चा जव दगडासारखा असतो, दात त्याच्यावरून सरकतो आणि चव पिठाची. आमच्या पिशवीत ‘भरडलेल्या’ मालातही निम्मे दाणे अख्खेच होते. नखाने साल सोलली की माल्टच्या दाण्यावर सालीखाली कोंबाची रेघ दिसते, दाण्याच्या पाऊण लांबीपर्यंत किंवा त्याहून पुढे गेलेली. इथे एकाही दाण्यावर ती नव्हती. अर्ध्या मिनिटाचं काम होतं. पिशवी उघडली तेव्हाच ते व्हायला हवं होतं, आणि याच गोष्टीचा संताप अजून जात नाही. पण सोबतच्या माहितीपत्रकात दाणा चावून बघा असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. लिहिणार तरी कशाला?

मॅशिंग (दाणे गरम पाण्यात मुरवणं) झाल्यावर दुसरा पुरावा समोर आला. पांढऱ्या बशीत चमचाभर वर्ट घेऊन गार करायचं आणि त्यावर टिंक्चर आयोडिनचा एक थेंब टाकायचा. पिठाची साखर झाली असेल तर थेंबाचा तपकिरी रंग टिकतो, पीठ शिल्लक असेल तर काळानिळा होतो. इथे तासाभरानंतरही थेंब शाईसारखा काळा. (ते वर्ट फेकून द्या, परत भांड्यात ओतू नका.)

हायड्रोमीटरही खोटाच निघाला. २० अंशाच्या साध्या पाण्यात त्याने १.००० दाखवायला हवं, हा १.००४ दाखवत होता. आतली कागदी पट्टी सरकलेली होती. म्हणजे वर्टमध्ये आलेला १.०१० हा आकडा प्रत्यक्षात १.००६. नवा हायड्रोमीटर आला की आधी साध्या पाण्यात बुडवा. त्याच्यावर कोणतं तापमान छापलंय तेही वाचा, काही १५.५ अंशांसाठी बनवलेले असतात.

विक्रेत्याचं उत्तर ठरलेलं : ‘तुम्ही भांडी नीट निर्जंतुक केली नसतील.’ या उत्तराला अजिबात बळी पडू नका. जंतुसंसर्गाने बिअर आंबट होते, वास येतो, पण ते नंतरचं. यीस्ट घालण्याआधीच, उकळलेल्या वर्टची घनता १.००६ असेल तर त्यात भांड्यांचा काय संबंध? दोष दाण्याचा. हा आकडा फोटोसकट जपून ठेवा, भांडायला दुसरं काही उपयोगी पडत नाही.

बाकीचं सामान थोडक्यात. हॉप्स तपकिरी पडलेले, पाकिटात हवा शिरलेली, वास जुन्या चीजचा. चांगल्या गोळ्या हिरव्या असतात आणि पाकीट हवा काढून घट्ट बंद केलेलं असतं. पीक कोणत्या वर्षाचं ते छापलेलं नसेल तर घेऊ नका. यीस्टच्या पाकिटावर तारखेचं लेबल चिकटवलेलं होतं, ते सोलल्यावर खाली उलटून गेलेली मुदत निघाली. २० लिटरची बादली २० लिटर बिअरला चालतच नाही. वर फेस चढायला निदान ४-५ लिटर जागा लागते, नाहीतर फेस एअरलॉकमध्ये शिरून तो तुंबतो आणि झाकण उडतं.

आता सगळ्यात संतापजनक भाग. माहितीपत्रकात ठळक अक्षरांत लिहिलंय, ‘१५ दिवस झाकण उघडू नका’. माल परत करायची मुदत ७ दिवस. हा योगायोग मानायला मी तयार नाही. मुदतीनंतर तक्रार केल्यावर विक्री करणाऱ्या साइटने आधी फोटो मागितले, मग पेटी उघडतानाचा व्हिडिओ मागितला, आणि तो नाही म्हटल्यावर तक्रार बंद केली. विक्रेत्याने परताव्याऐवजी पुढच्या खरेदीवर १० टक्के सूट देऊ केली. त्याच मालावर! पैसे ज्यातून गेले त्या बँकेचं म्हणणं, माल पोचला म्हणजे व्यवहार पूर्ण. ग्राहक तक्रार कक्षाने सांगितलं, खाद्यपदार्थाचा विषय आहे, तिकडे जा. तिकडे सांगितलं, दारूचा विषय आहे, आमच्याकडे येत नाही. दारूचं बघणाऱ्यांनी सांगितलं, कच्चा जव म्हणजे दारू नाही, हा खरेदीविक्रीचा वाद आहे. प्रत्येकाने तक्रार क्रमांक दिला, दाणा हातात घेऊन कोणीही पाहिला नाही. कोणत्या कलमाखाली फसवणूक झाली हे ठरवायचं काम फसवलेल्यानेच करायचं, तर ही कार्यालयं नेमकी कशासाठी आहेत?

शिवाय विक्रेत्यांना ठाऊक असतं की बरेच जण तक्रार करायलाच कचरतात. ब्रिटनमध्ये १९६३ पासून घरी बिअर बनवायला परवाना लागत नाही, अमेरिकेत केंद्रीय कायदा १९७८ मध्ये बदलला, पण अनेक ठिकाणी आजही परवाना लागतो किंवा सरळ मनाई आहे. त्यामुळे आपल्या ठिकाणचा कायदा किट मागवण्याआधी वाचा, नंतर नाही. सुरुवात करायचीच असेल तर सुटं सामान घ्या, किंवा वजन आणि घटक छापलेला माल्ट अर्काचा, म्हणजे आटवलेल्या वर्टचा, डबा. १.७ किलो दाट अर्क आणि १ किलो साखर २० लिटरमध्ये १.०४५ च्या जवळ नेतात. घटकांत माल्टच्या आधी ग्लुकोज सिरप लिहिलेलं दिसलं तर डबा तिथेच ठेवा.

आणि ज्यांनी हेच किट घेऊन बाटल्या भरल्यात त्यांनी आजच हे करा. पुडीतली ३०० ग्रॅम साखर २० लिटरला म्हणजे लिटरमागे १५ ग्रॅम होते. साध्या बाटलीला लिटरमागे ६ ते ७ ग्रॅम पुरतात. दुपटीहून जास्त साखरेने बाटली फुटू शकते आणि काचा लांबवर उडतात. बाटल्या हिंदकळवू नका. डोळ्यांवर संरक्षक चष्मा आणि हातात जाड मोजे घाला, बाटल्यांवर जाड टॉवेल टाका, त्याच टॉवेलात गुंडाळून एकेक बाटली फ्रीजमध्ये ठेवा, पूर्ण गार झाल्यावर सिंकमध्ये टॉवेलाखालीच झाकण हळूहळू सैल करा आणि बिअर ओतून द्या.