आर्थस: खेळाने न सांगितलेले कादंबरी सांगते

‘वॉरक्राफ्ट’ या व्हिडिओ गेमच्या मालिकेवर बेतलेली क्रिस्टी गोल्डन यांची ‘आर्थस: राइज ऑफ द लिच किंग’ ही कादंबरी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. आर्थस हा सज्जन राजपुत्र क्रूर सत्ताधीश कसा होतो, ही तिची कथा २००२ च्या ‘वॉरक्राफ्ट ३’मुळे खेळाडूंना आधीच ठाऊक होती, तरीही ती वाचावीशी वाटते, याचे श्रेय आर्थसच्या घोड्याच्या प्रसंगाला द्यावे लागेल.

इन्व्हिन्सिबल नावाच्या या घोड्याचा जन्म आर्थसने लहानपणी डोळ्यांदेखत पाहिलेला असतो. पुढे ऐन हिवाळ्यात, आर्थसच्याच हट्टापायी मारलेल्या उडीत त्या घोड्याचे पाय मोडतात आणि त्याच्या वेदना संपवण्यासाठी आर्थसला स्वतःच त्याचा जीव घ्यावा लागतो. रोगग्रस्त स्ट्रॅथहोम शहरातील नागरिकांची कत्तल करण्याचा त्याचा निर्णय या अपराधी भावनेच्या उजेडात वाचला, की खेळात निव्वळ मोहीम म्हणून पार पडलेला तो प्रसंग मनाला चटका लावतो.

उत्तरार्धात मात्र घटना भराभर उरकल्या जातात आणि खेळातील संवाद जसेच्या तसे येतात, तेव्हा वाचनाची गोडी निश्चितच उणावते. या बाबतीत डेव्हिड लिस यांची ‘स्पायडर-मॅन: होस्टाइल टेकओव्हर’ (२०१८) ही स्पायडर-मॅनच्या व्हिडिओ गेमवर बेतलेली कादंबरी अधिक मोकळी आहे, कारण ती त्या खेळातील कथेच्या आधीचा काळ निवडते. तरीही व्यक्तिरेखेच्या खोलीसाठी मी आधी ‘आर्थस’च सुचवेन, आणि मूळ खेळ न खेळलेल्या वाचकालाही ती समजण्यास जड जाणार नाही.