कॅरी ग्रँट की जेम्स स्ट्यूअर्ट?

जुन्या हॉलिवूडच्या एखाद्या नायकाचे सिनेमे ओळीने बघायचे ठरवलं की गाडी बहुतेक या दोघांपाशी येऊन थांबते. अख्खी कारकीर्द बघण्याइतका वेळ कोणाकडे आहे? त्यापेक्षा रहस्यपटांचा दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक धरा. त्याने दोघांबरोबर चार-चार सिनेमे केले, त्यामुळे मैदान सारखं मिळतं.

ग्रँट मूळचा ब्रिस्टलचा आर्ची लीच. कसरतपटूंच्या चमूबरोबर 1920 मध्ये न्यूयॉर्कला गेला. ती कसरत त्याच्या अंगातून कधी गेलीच नाही. 'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट'मध्ये (1959) पन्नाशी ओलांडलेला हा माणूस सुटाबुटात विमानापुढे पळतो आणि धुळीने माखला तरी देखणाच दिसतो. (त्यात त्याची आई झालेली जेसी रॉइस लँडिस त्याच्याहून जेमतेम सात-आठ वर्षांनी मोठी!) रविवारी दुपारी घरच्यांबरोबर बघायला ग्रँटच बरा.

माझं घोडं अडलं ते 'सस्पिशन'पाशी (1941). नवरा विष घालणार, हा बायकोचा संशय वाढत वाढत जातो. ग्रँट दुधाचा ग्लास घेऊन अंधाऱ्या जिन्याने वर येतो. दूध उजळून दिसावं म्हणून हिचकॉकने ग्लासात दिवा ठेवला होता. आपण श्वास रोखून बसलेले, आणि शेवटी कळतं की बिचाऱ्याच्या मनात तसं काही नव्हतंच. मूळ कादंबरीतला नवरा खुनी आहे. पण ग्रँट खुनी दाखवलेला स्टुडिओला चालणार नव्हता, असं हिचकॉक पुढे सांगत असे. तेव्हापासून ग्रँट कितीही अडचणीत सापडला तरी मला धाकधूक म्हणून होत नाही. 'नटोरियस' (1946) मात्र चुकवू नका. त्यात तो स्वतःला आवडणाऱ्या बाईला हेरगिरीसाठी दुसऱ्याच्या घरात जाऊ देतो आणि वर तिलाच टोमणे मारतो.

स्ट्यूअर्ट पेन्सिल्व्हेनियातल्या हार्डवेअर दुकानदाराचा मुलगा. 'द फिलाडेल्फिया स्टोरी'त (1940) दोघे एकत्र होते, ऑस्कर मिळालं स्ट्यूअर्टला, आणि ते वडिलांच्या दुकानात मांडलं गेलं. ग्रँटच्या वाट्याला 1970 मध्ये मानद ऑस्कर आलं. स्ट्यूअर्टचं अडखळत, शब्द ओढत बोलणं काहींना कंटाळवाणं वाटेल. 'रोप' (1948) तर माझ्या अजूनही गळी उतरत नाही. पण 'व्हर्टिगो'त (1958) हाच भला माणूस एका मुलीला आपल्या गमावलेल्या प्रेयसीसारखी दिसावी म्हणून दुकानात नेऊन हट्टाने तोच करडा सूट घ्यायला लावतो, केस रंगवायला लावतो. ती सगळं करून येते, तरी केस वर बांधलेले नाहीत म्हणून याचा चेहरा पडतो. तिची दया येते, याची भीती वाटते, आणि हिचकॉक त्याला शेवटपर्यंत सोडवत नाही. निदान मला तरी ग्रँटकडून असं काही मिळालं नाही.

दोन संध्याकाळी हाताशी असतील तर आधी 'नटोरियस', मग स्ट्यूअर्टचा 'रिअर विंडो' (1954). एकच असेल तर 'व्हर्टिगो'. सुरुवात जरा संथ आहे, तेवढी सोसा.