ग्राइंडर चांगला, सर्व्हिस सेंटरच्या वाटेला जाऊ नका

आमचं पुण्यात नऱ्ह्याला ग्रील-गेटचं छोटं वर्कशॉप आहे, त्यामुळे चार इंची ग्राइंडर दिवसभर हातात असतो. हा घेतला बोहरी आळीतून, जीएसटी बिलासकट, आणि वॉरंटीचं ऑनलाइन रजिस्ट्रेशन दुकानातच उभं राहून करून घेतलं कारण नंतर तेवढ्यावरून अडवतात. मशीनबद्दल तक्रार नाही, हाताला हलका, पाईप कापायला मस्त. हे लिहितोय ते कंपनीच्या ऑथराइज्ड सर्व्हिस सेंटरबद्दल.

वॉरंटी चालू असतानाच आतून जरा जास्तच ठिणग्या दिसायला लागल्या. कार्बन, म्हणजे आतल्या फिरत्या भागाला करंट देणारा झिजणारा तुकडा, बदलला (तो वॉरंटीत येत नाही, मान्य, शंभराच्या आतलं काम आहे) तरी तेच. मग प्लग काढून कार्बनच्या भोकातून टॉर्च मारला आणि हाताने फिरवून बघितलं तर कॉम्युटेटरच्या (कार्बन ज्यावर घासतो तो तांब्याच्या पट्ट्यांचा गोल) एक-दोन पट्ट्याच काळ्या, बाकी तांबं चकचकीत. आता ज्यांनी मशिनी वापरल्यात त्यांना माहितीये, लोड देऊन देऊन जाळलं की आर्मेचर (फिरणारं वाइंडिंग, कॉम्युटेटर त्याच्यावरच असतो) आणि फिल्ड (त्याच्या भोवतीचं न फिरणारं वाइंडिंग) दोन्ही काळे पडतात, वॉर्निशचा वास सुटतो. एकाच जागी काळं म्हणजे आतली एखादी वायर सुटलेली. वापरणाऱ्याचा काय संबंध? बॉडी मुद्दाम उघडली नाही, सील तुटलं म्हणतील म्हणून.

गुरुवारी आमच्याकडे मेंटेनन्सला लाईट जाते म्हणून त्या दिवशी घेऊन गेलो. काउंटरवरचा पोरगा म्हणाला "ठेवून जा सर, इंजिनियर बघतील". म्हणलं जॉबशीटवर तक्रार लिही, कॉम्युटेटरला काळं आहे असं लिही. त्याने लिहिलं "नॉट वर्किंग". अरे चालतंय की, मी चालवून दाखवलं तुला! तर म्हणे सिस्टीममध्ये तेवढेच ऑप्शन आहेत.

मग फोनाफोनी. इंजिनियर साईटवर, इंजिनियर रजेवर, पार्ट वरून यायचाय, आणि प्रत्येक वेळी नवीन माणूस, त्याला पहिल्यापासून सगळी स्टोरी सांगा. शेवटी निकाल आला की ओव्हरलोड झालंय, आर्मेचर आणि फिल्ड दोन्ही जळालेत, वॉरंटीत बसत नाही, इस्टिमेट 1,950 रुपये. नवीन मशीन 2,600 ला येतं हो! फोटो मागितला तर पाठवला, पण त्यात दिसणाऱ्या स्टिकरवरचा सिरीयल नंबर माझा नाहीच. ते दाखवलं तर गप्प, मग "फोटो चुकून दुसरा गेला, पण तुमचं पण सेमच आहे सर". सेमच आहे म्हणजे काय?

म्हणलं राहू द्या, मशीन परत द्या. तर चेकिंग चार्ज भरायला लावला, आणि मशीन दिलं ते सुटं, बॉडी वेगळी, गिअर हेड वेगळं, स्क्रू प्लॅस्टिकच्या पिशवीत. जोडून पाहिजे असेल तर लेबर वेगळं पडेल म्हणाले. आणि आर्मेचर कुठंय? तर ते कंपनीला पाठवलं. वॉरंटी नाकारलेल्या मशीनचं आर्मेचर कंपनीला कशाला पाठवता, याचं उत्तर कुणाकडेच नाही.

पिशवी घेऊन आमच्या इथल्या वाइंडिंगवाल्याकडे गेलो. त्याने फिल्ड मीटरवर चेक केलं, म्हणाला "दादा, याला काय धाड भरलीये, एकदम ओके आहे". त्याच फिल्डवर लोकल आर्मेचर टाकून दिलं, तासाभरात काम, पाचशेच्या आसपास सगळं मिळून. तेव्हापासून रोज चालतंय, जरा गरम होतं पण चालतंय. म्हणजे जे फिल्ड जळालं म्हणून इस्टिमेटमध्ये लावलं होतं तेच आत फिरतंय, सॉरी, फिल्ड फिरत नाही, पण कळलं ना.

1915 वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार टाकली होती. कंपनीने तिथे लिहून दिलं "ग्राहकाशी बोलून शंका दूर केली आहे" आणि तक्रार बंद. बोललं कुणीच नाही. पाच लाखापर्यंतच्या खरेदीला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही आणि दोन वर्षांची मुदत असते, त्यामुळे बिल, जॉबशीट, तो चुकीचा फोटो सगळं जपून ठेवलंय. पण ग्राइंडरसाठी कामधंदा सोडून तारखा कोण करणार, हे त्यांनाही चांगलं माहितीये.

तुम्हाला जायचंच असेल तर मशीन देण्याआधी सिरीयल नंबरच्या स्टिकरचा फोटो आणि मशीन चालतानाचा व्हिडिओ काउंटरवरच काढा, आणि सुटे झालेले जुने पार्ट परत मिळतील असं जॉबशीटवर लिहून घ्या. माझं आर्मेचर अजून आलेलं नाही. आता मेल टाकलाय, वॉरंटी देऊ नका पण माझी वस्तू तरी परत द्या.