1909 ते 1935: कायदे-आंदोलनांचा तक्ता, दुरुस्त करून लावण्याजोगा

स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांच्या भिंतींवर लागणारा हा लॅमिनेट केलेला तक्ता. डावीकडे ब्रिटिशांचे कायदे, उजवीकडे आंदोलनं. अक्षर लांबूनही वाचता येतं. 1909 चा भाग चोख आहे: मुस्लिमांसाठी विभक्त मतदारसंघ, केंद्रीय कायदेमंडळातले अतिरिक्त सदस्य 16 वरून 60, सगळं जागच्या जागी.

गडबड 1919 पासून सुरू होते. रौलट कायदा (खटल्याविना कैदेची मुभा देणारा) माँटफर्ड कायद्याच्या (माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांच्या 1919 च्या कायद्याच्या) खाली छापलाय, म्हणजे आधी सुधारणा आणि मग दडपशाही असा समज होतो. प्रत्यक्षात रौलट मार्चमधला, जालियनवाला बाग 13 एप्रिलची आणि सुधारणा कायद्याला राजाची संमती मिळाली 23 डिसेंबरला. हा क्रम उलटला की या सुधारणांवर लोकांचा विश्वास का बसला नाही, तेच कळत नाही. द्विदल शासनाची, म्हणजे प्रांताची खाती दोघांत वाटण्याची, चौकट मात्र सुरेख जमलीय. शिक्षण, आरोग्य सोपीव (भारतीय मंत्र्यांकडे); पोलीस, महसूल, अर्थ राखीव (गव्हर्नरकडे). शाळा काढायची तरी मंत्र्याला पैशासाठी राखीव खात्याकडेच जावं लागे, ही मेख एका बाणात दाखवलीय.

पुणे करार (1932, अस्पृश्यांच्या प्रांतिक कायदेमंडळांतल्या राखीव जागांबाबतचा) ‘71 ऐवजी 148 जागा’ एवढ्यावर उरकलाय, आणि हे खटकतंच. खरा मुद्दा निवडणुकीच्या पद्धतीत आहे. राखीव जागेसाठी आधी फक्त अस्पृश्य मतदारांनी चार उमेदवार निवडायचे, मग त्या चौघांतला एक संयुक्त मतदारसंघाने. म्हणजे शेवटचा कौल बहुसंख्याकांच्या हाती. त्याआधी ब्रिटिश सरकारने दिलेल्या जातीय निवाड्यातले अस्पृश्यांचे स्वतंत्र मतदारसंघही गेले आणि सर्वसाधारण जागेसाठीचं दुसरं मत मोलाचं होतं, तेही गेलं. बाबासाहेबांनी पुढे करारावर जी कठोर टीका केली, ती याशिवाय समजत नाही.

1935 च्या कायद्याच्या चौकटीत ‘संघराज्य स्थापन झाले’ हे सरळ चूक आहे. संघराज्यासाठी संस्थानिकांनी सामील होणं गरजेचं होतं, पण पुरेसे संस्थानिक सामील झालेच नाहीत. 1 एप्रिल 1937 पासून लागू झाला तो प्रांतिक स्वायत्ततेचा भाग. केंद्रातली द्विदल पद्धतही कागदावरच राहिली. परमनंट मार्करने ‘स्थापन झाले’ खोडून ‘प्रस्तावित’ लिहा.

याच कायद्यातल्या कलम 93 चा, म्हणजे प्रांताचा कारभार गव्हर्नरने हाती घेण्याच्या तरतुदीचा, उल्लेखच नाही. 1939 मध्ये न विचारता भारताला युद्धात ओढल्यावर काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि मुंबई प्रांतात गव्हर्नरने याच कलमाखाली कारभार हाती घेतला. खालच्या मोकळ्या पट्टीत हे सहज मावतं.

पूर्वपरीक्षेच्या उजळणीला एवढ्या दुरुस्त्यांनिशी तक्ता पुरतो. मुख्य परीक्षेसाठी कलमांचा मूळ मजकूर शेजारी ठेवूनच वापरा.