महालातल्या सरांचा आठ दिवसांचा रोटेशनचा क्लास, आमचा अनुभव

मे महिन्यात माझ्या मुलाला नागपुरात महालातल्या एका रिटायर्ड सरांकडे पाठवलं होतं, फक्त फिजिक्समधल्या रोटेशनसाठी, म्हणजे टॉर्क (वस्तूला फिरवणारी ताकद) आणि मोमेंट ऑफ इनर्शिया (वस्तू फिरायला किती अडते ते) एवढंच, आठ दिवस, सकाळी सात ते नऊ, फी २,००० रुपये. सर आधी आयटीआयमध्ये शिकवायचे. बोर्ड नाही, जाहिरात नाही, नाव टाकू नका म्हणाले म्हणून टाकत नाहीये. पण लिहायचं नक्की होतं, कारण पालकांना मागे बसू देतात आणि मी आठही दिवस बसले.

आधीची गोष्ट थोडी सांगते. पोट्टा अकरावीपासून एका मोठ्या कोचिंगला जातो, फी विचारू नका. तिथे रोटेशन तीन लेक्चरमध्ये झालं. मोमेंट ऑफ इनर्शियाचा एक तक्ता दिला, रिंगचं एम आर स्क्वेअर (वजन गुणिले त्रिज्येचा वर्ग), डिस्कचं त्याच्या अर्धं, भरीव गोळ्याचं दोन पंचमांश, काठीचं, त्रिज्येच्या जागी लांबी घेऊन, मधून धरलं तर एक बारांश आणि टोकाला धरलं तर एक तृतीयांश, आणि पाठ करा म्हणाले. याने केलं पाठ. पण मी सहज विचारलं की बाबा रे, रिंगचं जास्त अन् डिस्कचं कमी काहून, वजन तर सारखंच घेतलंय ना, तर गप्प. आणि बारावीला स्टेट बोर्डाच्या फिजिक्सचा पहिलाच धडा रोटेशनल डायनॅमिक्सचा आहे, म्हणून मला टेन्शन आलं होतं.

सरांकडे पहिल्या दिवशी दार. खरंच घराचं दार, जुनं सागवानी, साधारण ८० सेंटिमीटर रुंद. दाराला आतून सायकलच्या ट्यूबचं रबर बांधलेलं, म्हणजे ओढलं की ते परत आत खेचतं, आणि फरशीवर खडूची रेघ, दर वेळी दार त्या रेघेपर्यंतच आणायचं. मग रद्दीवाल्याकडे असतो तसा स्प्रिंगचा काटा घेऊन पोरांनी स्वतः ओढायचं. दाराच्या कडेला, म्हणजे बिजागरीपासून ८० सेंटिमीटरवर, काटा २ किलोच्या आसपास दाखवायचा, मध्ये ४० वर ४ किलो, आणि २० वर जवळपास ८. पोरांनी गुणाकार केला तर सगळीकडे १६० च. तेव्हा सर म्हणाले, हे जे बदललं नाही न बेटा, याला टॉर्क म्हणतात, तुझा जोर बदलला, जागा बदलली, पण रबराला हरवायला लागणारी फिरकी तेवढीच राहिली. न्यूटन मीटरमध्ये ते साधारण १६ येतं, तेही पोरांकडूनच काढून घेतलं.

मग तोच काटा कडेला लावून तिरपा ओढायला लावला. दाराशी ३० डिग्रीचा कोन केला तर काटा २ वरून ४ वर गेला, आणि दाराच्या रेषेतच बिजागरीच्या दिशेने ढकललं तर कितीही जोर लावा, दार हलत नाही. टॉर्कच्या फॉर्म्युल्यात कोनाचा साइन थीटा कुठून येतो हे त्यांना त्यावेळी कोणी सांगायची गरजच पडली नाही. पंक्चरवाला घट्ट नट खोलायला पान्याला पाइप का लावतो हेही तिथेच निघालं.

माझ्या मुलाने एक शंका विचारली आणि सरांनी त्यावर चांगली वीस मिनिटं घालवली, हे मला फार आवडलं. शंका अशी की टॉर्कचं युनिट न्यूटन मीटर आणि एनर्जीचंही न्यूटन मीटर, ज्याला ज्यूल म्हणतो, मग टॉर्क म्हणजे एनर्जी का? सरांनी दाराला काटा लावून नुसता ताणून धरायला लावला. दार जागचं हललं का? नाही. मग काम किती झालं? शून्य. पण टॉर्क तर आहे. एनर्जीमधला मीटर म्हणजे जोराच्या दिशेने वस्तू किती सरकली ते, आणि टॉर्कमधला मीटर म्हणजे बिजागरीपासून जोराच्या रेषेपर्यंतचं काटकोनातलं अंतर, तिथे काही सरकायलाच नको. म्हणून टॉर्कला ज्यूल लिहायचं नाही. कोचिंगमध्ये हीच शंका विचारली होती तर परीक्षेत येत नाही असं उत्तर मिळालं होतं.

तिसऱ्या दिवशी काठी. एक मीटरची काठी, एक एक लिटरच्या पाण्याच्या दोन बाटल्या, आणि सुतळी. आधी दोन्ही बाटल्या मधल्या मुठीपासून १० सेंटिमीटरवर बांधल्या आणि मनगटाने काठी इकडून तिकडे फिरवायला सांगितली. मीही फिरवली, सहज फिरते. मग त्याच बाटल्या टोकांना, ५० सेंटिमीटरवर. बाप्पा! मनगट अडतं अक्षरशः, सुरूच होत नाही, आणि एकदा फिरायला लागली की थांबवायला तेवढाच त्रास. वजनकाट्यावर ठेवून दाखवलं, वजन दोन्ही वेळा तेच. अंतर ५ पट झालं म्हणून काठीचा न फिरण्याचा हट्ट, म्हणजेच मोमेंट ऑफ इनर्शिया, २५ पट झाला (काठीचा स्वतःचा हिशेब सोडून, हेही सरांनी बजावलं).

आता हा वर्ग काहून येतो, ५ पट अंतराला ५ पटच का नाही, हे समजायला पूर्ण चौथा दिवस गेला आणि माझ्या मते अख्ख्या क्लासमधला हाच दिवस सगळ्यात मोलाचा. सरांनी असं समजावलं की लांबच्या बाटलीची दोन भांडणं असतात. एक, काठी जेवढ्या कोनातून फिरते तेवढ्याच वेळात टोकाच्या बाटलीला ५ पट लांब जायचं असतं, म्हणजे तिला वेगही ५ पट पकडावा लागतो, म्हणून जोर ५ पट हवा. दोन, तो जोर तुमच्या मुठीपासून ५ पट लांब लागायला पाहिजे, आणि पहिल्या दिवशीचं दार आठवा, लांबचा जोर टॉर्कमध्ये तेवढ्या पट जास्त मोजला जातो. पाच पंचे पंचवीस. एक आर वेगाचा, दुसरा आर दाराचा. पोट्टा घरी येऊन आजीला हेच समजावून सांगत होता, आणि आजी म्हणाली की जात्याचा खुंटा पाळीच्या कडेला असतो तो काय उगाच, मधे असता तर दळणच झालं नसतं. टॉर्कची बाजू तिला बरोबर माहीत होती!

डिस्क आणि रिंगचा प्रश्नही इथेच सुटला. रिंगचं सगळं वजन कडेला, डिस्कचं मधापासून कडेपर्यंत पसरलेलं, मग हट्ट कमी होणारच. आणि काठी टोकाला धरली तर मधून धरण्यापेक्षा चौपट, तेही हातात घेऊन बघितलं.

पाचव्या दिवशी शर्यत. प्लायवूडची फळी एका बाजूने विटांवर, तिच्यावरून तान्ह्या पोळ्याच्या लाकडी नंदीचं भरीव चाक आणि पितळी कडं एकाच वेळी सोडायचं. कडं जड, म्हणून मी कड्यावर पैज लावली. दर वेळी चाकच पुढे. नंतर हलकी रबराची रिंग घेतली, मोठं चाक घेतलं, तरी भरीव चाकच पहिलं येतं, वजन आणि साइज दोन्ही हिशेबातून कटून जातात. घर्षणाशिवाय नुसती घसरणारी वस्तू जेवढ्या दराने वेग पकडेल त्याच्या दोन तृतीयांश चाकाला मिळतो आणि रिंगला फक्त अर्धा, बाकीचा वाटा स्वतःला फिरवण्यात जातो. मग दोन बाटल्या, एक पाण्याने गच्च भरलेली, एक फ्रीजरमधून नुकतीच काढलेली बर्फाची. सगळ्यांनी बर्फ म्हटलं. पाण्याची जिंकली, कारण प्लास्टिक फिरतं पण आतलं पाणी जवळपास न फिरता नुसतं खाली जातं, बर्फाला मात्र अख्खंच्या अख्खं फिरावं लागतं.

कूलरवर तर आपण नागपूरचे लोक जन्मभर बसलोय, पण असं कधी बघितलं नव्हतं. सरांकडे दोन कूलर, एकाला लोखंडी पाती, एकाला प्लास्टिकची. लाइट बंद केली की लोखंडी कितीतरी वेळ फिरत राहतं, प्लास्टिकचं पटकन थांबतं. आणि कूलर नुसता घूं घूं करतो, फिरत नाही, आपण म्हणतो कंडेन्सर गेला, तेव्हा मोटरला सुरुवातीचा टॉर्कच मिळत नसतो, कोणी काडीने पातं ढकललं की चालू होतं आणि मग चालत राहतं. हे करू नका, बोट जाईल, हे सरांनी तीनदा सांगितलं, मीही सांगते.

आता जे पटलं नाही ते. गणितं फार कमी झाली, दिवसाला दोन किंवा तीन. जेईई ॲडव्हान्स्डवाल्यांना एवढ्यावर भागणार नाही, घसरत घसरत फिरणारं चाक वगैरे भाग सरांनी घेतलाच नाही. अँग्युलर मोमेंटम (फिरत्या वस्तूचा संवेग) शेवटच्या दिवशी अर्ध्या तासात उरकला, फिरत्या स्टुलावर हातात डंबेल घेऊन बसवलं, हात जवळ घेतले की वेग वाढला, पोरं ओरडली, आणि क्लास संपला. इनर्शिया कमी झाली म्हणून वेग वाढला हे कळलं, पण त्यावर अजून एक पूर्ण दिवस पाहिजे होता, मी सरांना तोंडावर म्हटलंही, ते म्हणाले पुढच्या वेळी नऊ दिवस करू. दोन्ही कूलर चालू असले की मागच्या रांगेत ऐकू येत नाही. आणि गाडीचं तर विचारूच नका, गल्लीत टू व्हीलर कशीबशी लागते, कार असेल तर बडकस चौकाकडे कुठेतरी लावून पायी या.

माझं मत विचाराल तर ज्या पोराला फॉर्म्युले येतात पण का ते येत नाही त्याला डोळे झाकून पाठवा, आणि गणितांची प्रॅक्टिस दुसरीकडे ठेवाच. एका बॅचला सहाच मुलं घेतात. पुढची बॅच दिवाळीच्या सुट्टीत आहे, एक लिटरच्या दोन बाटल्या आणि सुतळी घरून आणायला सांगतात.