सिग्नल, सेक्रेटरी साहेब आणि ‘एडिटेड’

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीचा ग्रुप सिग्नल या मेसेजिंग ॲपवर आणून बरेच महिने झाले. एन्क्रिप्शन किती पक्कं, जाहिराती कशा नाहीत, हे तुम्ही वाचलेलं असणार. मी लिहिणार आहे ते मेसेजखाली बारीक अक्षरात येणाऱ्या ‘एडिटेड’बद्दल.

मूळ भांडण पैशाचं. माझा दुसरा वन बीएचके भाड्याने दिलाय, म्हणून मला नॉन-ऑक्युपन्सी चार्ज पडतो. 2001 च्या सरकारी आदेशाप्रमाणे तो सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही आणि महापालिकेचे कर त्यात धरायचे नसतात. जुन्या ॲपवर सेक्रेटरी साहेबांनी टाकलं, ‘एकूण बिलाच्या 10 टक्के’. मी आदेश दाखवताच त्यांनी गुपचूप शब्द बदलले आणि वर मलाच सुनावलं, ‘काका, नीट वाचत चला.’ मेसेज बदललाय एवढंच तिथे दिसायचं, आधी काय होतं ते नाही. साहेबांच्या उत्तराला भराभर अंगठे पडले. मी आपला गप्प.

सिग्नलवर मेसेज 24 तासांपर्यंत, जास्तीत जास्त 10 वेळा बदलता येतो. व्हॉट्सॲपवर 15 मिनिटं मिळतात, टेलिग्रामवर 48 तास. म्हणजे मुदतीत काही विशेष नाही. विशेष हे की ‘एडिटेड’वर बोट ठेवलं की आधीचे सगळे मजकूर ओळीने उघडतात. टँकरच्या वर्गणीत 600 चे 900 झाले, तेव्हा मी ग्रुपवर एवढंच लिहिलं, ‘सर्वांनी एडिटेडवर दाबा.’ त्या दिवशी पाचपैकी पाच तारे दिले असते. ॲप फुकट आहे, देणगी मागतं. मी चक्क देण्याच्या विचारात होतो.

दुसरी गोष्ट नावाची. फेब्रुवारी 2024 पासून सिग्नलवर आपला नंबर लपवता येतो (खातं उघडायला मात्र नंबर लागतोच) आणि प्रोफाइलला काहीही नाव द्या. ग्रुपवर ‘सजग सभासद’ नावाचं कोणीतरी उगवलं. नाव लपवून बोलणारा माणूस भित्रा, असं माझं ठाम मत. मग या सजगने विचारलं, लिफ्टच्या वार्षिक देखभालीचा करार (एएमसी) तीन कोटेशनं न मागवता कसा दिला? हा प्रश्न सोसायटीत प्रत्येकाच्या मनात होता, मीही विचारला नव्हता. आणि आकडे गुपचूप बदलणारे साहेब तर नाव, फ्लॅट नंबर, पद, सगळं लावून लिहितात! तेव्हा मत बदललं. भाड्याने राहणाऱ्या मुलींचे नंबर आता सगळ्या इमारतीला दिसत नाहीत, हा फायदा वेगळाच. एक मात्र लक्षात ठेवा: ‘नंबर कोणाला दिसावा’ आणि ‘नंबरवरून मला कोणी शोधावं’, दोन्ही सेटिंगं ‘कोणीही नाही’ करा. पहिलंच केलंत, तर ज्याच्या फोनमध्ये तुमचा नंबर आहे त्याला तुम्ही ओळखू येऊ शकता.

खजिनदारांना मात्र धास्ती, की कोणी निनावी काही लिहिलं तर ॲडमिन म्हणून आपल्यावर येईल. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्येच सांगितलंय, की केवळ ॲडमिन आहे म्हणून सभासदाच्या पोस्टचा गुन्हा ॲडमिनवर लावता येत नाही. त्याचा त्यात हेतू वा संगनमत असायला हवं. तरी ते अजून ॲडमिन व्हायला तयार नाहीत. असो.

आता तारे का कापतोय ते ऐका. साहेब हुशार झालेत. ते मेसेज एडिट करतच नाहीत. सगळ्यांसाठी डिलीट करून नवा टाकतात. डिलीटलाही 24 तासांची मुदत आहे आणि मागे उरते ती फक्त मेसेज काढून टाकल्याची ओळ. आधीचा मजकूर गेला तो गेलाच. एडिटचा हिशेब इतका चोख ठेवायचा आणि डिलीटला मोकळं रान, हे मला पटत नाही. हल्ली आकडा दिसला की मी आधी स्क्रीनशॉट काढतो. म्हणजे जुन्या ॲपवर जे करायचो तेच. साडेतीन तारे. देणगीचं नंतर बघू.

येत्या वार्षिक सभेसाठी (एजीएम) साहेबांनी विषय दिलाय: ‘ग्रुपवर फ्लॅट नंबर लावल्याशिवाय कोणीही लिहू नये.’ माझी उपसूचना तयार आहे: समितीपैकी कोणी पैशाचा आकडा असलेला मेसेज डिलीट केला, तर जुना आणि नवा आकडा नोटीस बोर्डावर लावायचा, सहीसकट.