डबल बास: क्लासिकल की जॅझ, टिक कुठे करायची?

भाची डबल बास (व्हायोलिनच्या घराण्यातलं सगळ्यात मोठं, खर्जातलं वाद्य) वाजवते, सध्या अमेरिकेतल्या म्युझिक स्कूल्सचे फॉर्म भरतेय आणि त्यात आधीच विचारतात, क्लासिकल की जॅझ. घरचे म्हणतात जे आवडतं ते घे. अहो, तिला दोन्ही आवडतं म्हणून तर घोडं अडलंय! माझं म्हणणं, आवड बाजूला ठेव आणि पुढची तीस वर्षं रोजचा दिवस कसा जाणार ते बघ.

क्लासिकल म्हणजे बासवाल्यांसाठी ऑर्केस्ट्राची नोकरी. सोलो करिअर गॅरी कारसारख्या एखाद्यालाच जमतं. मोठ्या ऑर्केस्ट्रात बासच्या खुर्च्या साधारण आठ, आणि खुर्ची रिकामी होणार कधी तर कुणी रिटायर झालं की. ओरिन ओब्रायन 1966 मध्ये न्यूयॉर्क फिलहार्मोनिकमध्ये लागल्या त्या थेट 2021 मध्ये बाहेर पडल्या, म्हणजे एक खुर्ची 55 वर्षं बुक! ऑडिशनला सहसा मध्ये पडदा, म्हणजे वाजवणारा परीक्षकांना दिसू नये, बीथोव्हेनच्या पाचव्या सिम्फनीतला तो धावता तुकडा, नवव्यातलं रेसिटेटिव्ह (गाण्यातल्या बोलण्यासारखा वाजवायचा भाग), हेच ठरलेले तुकडे वर्षानुवर्षं घासायचे आणि काही मिनिटांत निकाल. पण एकदा मोठ्या ठिकाणी लागलात की पगार, पेन्शन, हेल्थ इन्शुरन्स, अगदी आपल्याकडच्या बँकेतल्या नोकरीसारखं. बदल्यात आठ जणांनी मिळून एकच आवाज काढायचा, बो (तारांवर ओढायचा गज) कुठे वर न्यायचा नि कुठे खाली हेसुद्धा सेक्शनचा प्रिन्सिपल, म्हणजे बासवाल्यांचा म्होरक्या, ठरवणार. कुणाला यात समाधान मिळतं, कुणाचा जीव गुदमरतो.

जॅझमध्ये बास एकटाच. ठेका पण तोच धरतो आणि कॉर्डचा (एकत्र वाजणाऱ्या सुरांचा) पाया पण तोच घालतो, म्हणजे तबलजी आणि तानपुरा एकाच माणसाने सांभाळल्यासारखं, वर आपला नंबर आला की सोलो. इथे पडदा नाही, कुणीतरी ऐकतं आणि फोन करतं. बासिस्ट ख्रिश्चन मॅकब्राइड न्यूयॉर्कच्या जुलियार्ड म्युझिक स्कूलला आला आणि वर्षभरात शाळा सोडून बॉबी वॉटसनच्या बँडबरोबर वाजवायला गेला, त्याचं फळलं, सगळ्यांचं फळत नाही. पैसे गिगमागे, म्हणजे कार्यक्रमागणिक, पेन्शन वगैरे विसरा, त्यामुळे बरेच जण जोडीला शिकवतात. आणि रात्री एकला क्लबमधून निघून जवळजवळ सहा फुटी वाद्य घरी न्यायचं, कधीकधी अँपसकट (आवाज वाढवणारा अँप्लिफायर) (ऑर्केस्ट्रावाले निदान अँप तरी उचलत नाहीत).

आता रॉन कार्टर. आधी चेलो वाजवायचा, ऑर्केस्ट्रात जागा मिळेल म्हणून बासकडे वळला, ईस्टमन म्युझिक स्कूलला क्लासिकल शिकला, तर कंडक्टर स्टोकोव्स्कीने त्याला सांगितलं की तू हवा आहेस पण ह्यूस्टन ऑर्केस्ट्राचं बोर्ड काळा वादक घ्यायला तयार नाही. दार त्याने निवडून बंद केलं नव्हतं, त्याच्यासाठी ते बंद होतं. 1963 मध्ये तो जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या बँडमध्ये गेला आणि पुढे सगळ्यात जास्त रेकॉर्डिंग्ज केलेला जॅझ बासिस्ट म्हणून गिनेस बुकात. पण त्याच्या वॉकिंग लाइनमधला (ठेक्यागणिक एकेक सूर चालत नेणारी बासची ओळ) सूर इतका पक्का बसतो तो कुठून आला? माझ्या मते त्या बोच्या रियाजातून. बासला गिटारसारख्या फ्रेट (सुराची जागा दाखवणाऱ्या पट्ट्या) नाहीत, बोटं जाड तारांवर लांबलांब टाकायची, आणि बोटाने छेडलेला सूर थोडा घसरला तरी खपून जातो, बोने ओढलेला लगेच उघडा पडतो.

म्हणून माझं मत क्लासिकलकडे झुकतं, पण नोकरीसाठी नाही, हातासाठी. बो पक्का असेल तर तिशीत जॅझकडे वळता येतं, उलटं मात्र फार अवघड. एकच अट, आठवड्यातून दोनदा तरी कुणाबरोबर तरी कागद न बघता वाजवायचं, नाहीतर कानाला गंज चढतो. आणि परत मुंबईला यायचा विचार असेल तर एनसीपीए या तिथल्या कलाकेंद्राचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया 2006 पासून आहे, पण तो एकच, त्या भरवशावर राहू नकोस.

काल तिचा मेसेज आला, मामा, दोन्हीकडे अर्ज केला तर? कर की, फक्त ऑडिशनची तयारी डबल, आणि फी बहुतेक मलाच भरावी लागणार.